करोल बागेच्या गाडीबाजारात

दिल्लीच्या मेट्रोने झंडेवालान स्टेशन सोडले की खिडकीतून हनुमानाची १०८ फुटी उंच मूर्ती दिसते आणि पाठोपाठ करोल बाग येते. बहुतेक प्रवासी इथे उतरतात ते लग्नाच्या खरेदीसाठी. अजमल खान रोडवर साड्या, चपला, भांडी, बांगड्या. बँक स्ट्रीटला सोन्याची दुकाने. गफ्फार मार्केटात मोबाइल. ज्या हकीम अजमल खान यांचे नाव या रस्त्याला आहे, त्यांच्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन १९२१ मध्ये महात्मा गांधींनी केले होते. ते कॉलेज आजही याच भागात आहे. १९४७ च्या फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी इथे फळकुटांवर दुकाने मांडली आणि बघता बघता करोल बाग दिल्लीतली एक मोठी बाजारपेठ झाली.

याच बाजारात, जरा आतल्या गल्ल्यांमध्ये, वेगळाच माल विकायला उभा असतो: जुन्या मोटारी. सकाळी दहाच्या सुमारास पोरे बादल्या घेऊन गाड्या धूत असतात. पॉलिश केलेल्या बॉनेटमध्ये वरच्या विजेच्या तारांचे जाळे दिसते. एका बाजूला टायरवाले, दुसऱ्या बाजूला सीटकव्हरवाले, मधे चहाची टपरी. आणि रांगेत पुढे, सर्वांना दिसेल अशा जागी, एखादी काळी किंवा पांढरी जर्मन सेदान.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका सकाळी नागपूरचे एक निवृत्त बँक कर्मचारी आपल्या मुलीसह या गल्लीत शिरले. मुलगी नुकतीच इंजिनिअर होऊन गुरुग्रामला नोकरीस लागली होती. तिला गाडीची गरज होती. वडिलांना हौस होती. १९९५ मध्ये पुण्यात भारतातली पहिली मर्सिडीज जोडली गेली, तेव्हा बँकेतल्या या तरुण कारकुनाने वर्तमानपत्रातला तिचा फोटो कापून ठेवला होता. पुढे सारी हयात स्कूटरवर गेली. आता ग्रॅच्युइटीचे पैसे हाती होते आणि लेक पदवीधर झाली होती.

"बाबा, मला छोटी गाडी पुरेल," ती म्हणत होती.

"छोटी तू तुझ्या पगारातून घेशील. ही माझ्याकडून," असे त्यांचे उत्तर.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

विक्रेत्याने दाखवलेली सेदान देखणी होती. आठ वर्षांची, डिझेलवर चालणारी, वर उघडणारे काचेचे छत, आत बदामी रंगाचे चामडे. नवी असताना चाळीस लाखांच्या घरात असलेली गाडी आता एखाद्या नव्या मध्यम गाडीच्या किमतीत मिळत होती. ग्राहक भुलतो तो नेमका इथेच. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. ब्रेकच्या चकत्या, सस्पेन्शन, हेडलाइट, स्वयंचलित गिअरबॉक्स हे सारे चाळीस लाखांच्या गाडीच्याच भावाने घ्यावे लागते.

मुलीच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने आपला ओळखीचा मिस्त्री सोबत दिला होता. त्याने गाडीकडे नीट पाहिलेही नाही. आधी बॉनेटवर तळहात ठेवला आणि हसला. बॉनेट गरम होते.

"आम्ही येणार हे ठाऊक होते ना? मग इंजिन आधीच का चालू केले?"

विक्रेता म्हणाला, "अंकलजी, थंडीचे दिवस आहेत, बॅटरी उतरू नये म्हणून."

कारण खरेही असेल. पण रात्रभर थंड राहिलेले इंजिन सुरू करतानाच त्याचा खरा आवाज आणि धूर कळतो. गरम इंजिन आपली दुखणी लपवते. म्हणून जुनी गाडी पाहायची तर ती थंड असतानाच.

मग मिस्त्रीने बाकीची तपासणी केली. टायरवर कोरलेले चार अंक वाचले: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी चिखलाचा डाग आहे का ते पाहिले. ही काळजी दिल्लीत अनाठायी नाही. जुलै २०२३ मध्ये यमुनेचे पाणी काश्मिरी गेटच्या परिसरात शिरले होते. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते, पण तिच्या तारांमध्ये शिरलेला ओलावा पुढे अनेक महिने त्रास देतो. मीटरवरचा किलोमीटरचा आकडाही अंतिम सत्य नव्हे. तो बदलता येतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदींशी तो ताडून पाहावा.

दिल्लीचा कायदा

तपासणीत गाडी नापास झाली नाही. ती अडली दिल्लीच्या हवेपाशी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ मध्ये दिल्ली परिसरात १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल व १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. २०२५ मध्ये या बंदीविषयी न्यायालयाचे नवे आदेश निघाले, म्हणून खरेदीच्या दिवशी ताजा नियम विचारून घेणे उत्तम. शिवाय थंडीत प्रदूषण फार वाढले की बीएस-४ प्रकारच्या डिझेल मोटारी दिल्ली, गुरुग्राम आणि शेजारच्या शहरांत रस्त्यावर आणायला मनाई होते. म्हणजे ऐन धुक्याच्या दिवसांत ही दिमाखदार गाडी दारात उभी आणि लेक रिक्षा शोधतेय!

"मग नागपूरला नेऊ," वडील म्हणाले. तेही करता येते. दिल्लीच्या पुष्कळ गाड्या अशाच परराज्यांत जातात. पण त्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्याचा कर, नवी नोंदणी असे सोपस्कार आहेत. आणि नोकरी गुरुग्रामला असणाऱ्या मुलीची गाडी नागपुरात काय करणार?

काश्मिरी गेटचा धडा

वडिलांचा चेहरा उतरलेला पाहून मुलीनेच एक तोड काढली. "आपण भाव तर विचारून येऊ." मेट्रोने राजीव चौक, तिथून पिवळ्या लाइनने काश्मिरी गेट. १८५७ च्या लढाईत तोफांचे घाव झेललेला हा दरवाजा आजही उभा आहे, आणि त्याच्या आसपास मोटारींच्या सुट्या भागांची प्रचंड घाऊक पेठ पसरली आहे. गल्लीगल्लीत बेअरिंग, क्लच, आरसे, फिल्टर यांचे ढीग. हातगाड्या, हमाल, हिशेबाच्या वह्या.

तिथे तीन दुकानांत त्यांनी त्या सेदानच्या एका हेडलाइटचा आणि सस्पेन्शनचा भाव विचारला. वडिलांनी बँकेतल्या सवयीने आकडे पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतले. बेरीज झाल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तर तुझ्या दोन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त आहे."

"म्हणूनच नको म्हणत होते, बाबा. गाडी तुम्ही द्याल, पण तिला पोसायचे मला आहे."

शेवटी घेतली ती

चार दिवसांनी ते पुन्हा करोल बागेत आले. या वेळी निवडली ती जपानी कंपनीची, सहा वर्षांची पेट्रोल सेदान. एकच मालक, सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी, दोन्ही किल्ल्या, आणि सकाळी बॉनेट गार. पैसे देण्यापूर्वी मुलीने शासनाच्या वाहन नोंदणीच्या ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून मालकाचे नाव आणि कर्जाचा बोजा तपासला. थकलेले दंडही पाहून घेतले. फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्या मालकाच्या सह्या घेतल्या. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज केला. जुन्या मालकाचा 'नो क्लेम बोनस' नव्या मालकाला मिळत नाही, हेही तिने आधीच हिशेबात धरले होते.

काचेचे उघडते छत या गाडीला नव्हते. पण ठरवलेल्या रकमेतला जवळजवळ चौथा हिस्सा शिल्लक राहिला. वडिलांनी तो लेकीच्या नावे बँकेत वेगळा ठेवला आणि म्हणाले, "हा गाडीच्या आजारपणासाठी."

करोल बागेला जायचे तर सोमवार टाळावा. त्या दिवशी बाजार बंद असतो. काश्मिरी गेटची पेठ रविवारी बंद. गाडी घ्यायची असो वा नसो, दोन्ही ठिकाणे पायी फिरून पाहण्यासारखी आहेत. पहिल्या बाजारात हौसेची किंमत कळते, दुसऱ्यात ती हौस सांभाळण्याची.

नव्या गाडीतून पहिला फेरा झंडेवालानच्या मारुतीपर्यंत झाला. वडील मागच्या सीटवर बसले नाहीत. ते पुढे, लेकीच्या शेजारी बसले आणि सिग्नलला थांबताच म्हणाले, "छान चालवतेस."