बदललेलं इंजिन

लडाखमध्ये ऑक्टोबर लागला की ईएमईवाल्यांना एकच घाई असते. बर्फाने झोजिला बंद होण्याआधी गाड्या धडधाकट हव्यात. मी लेहजवळ एका एलएडीत, म्हणजे युनिटला जोडलेल्या छोट्या दुरुस्ती पथकात होतो. तेव्हा आमचा एक सहा सिलिंडरचा ट्रक ओव्हरहॉल केलेलं इंजिन बसवून परत आला. पहाटे चार-पाचदा सेल मारावा, तेव्हा ते उलटे धक्के देत सुरू होई. सुरू झालं की ठकठक. चार दिवसांनी याच ट्रकने वरच्या पोस्टवर रॉकेल आणि रेशन न्यायचं होतं.

‘इंजिनच खराब आलंय, परत पाठवा,’ असं बहुतेकांचं मत. पण परत पाठवलं की त्या हिवाळ्यापुरता ट्रक गेला. आमचे हवालदार मेकॅनिक साताऱ्याकडचे. म्हणाले, ‘साहेब, आधी त्याचं ऐकून तर घेऊ.’

सोप्या गोष्टी आधी. बॅटरी रात्रभर उबेला ठेवली. सेल जोरात फिरला, तक्रार तीच. डिझेल लाइनमधली हवा काढली. ऑइल प्रेशर ठीक होतं, फिल्टरमध्ये धातूचा कीस नव्हता. बेअरिंगवरचा संशय कमी झाला. मग इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल केला. डिझेल तुटलं की त्या सिलिंडरचा ठोका थांबतो. एकच इंजेक्टर बिघडला असता, तर एकाच नटावर आवाज गेला असता. इथे सहाही ठिकाणी तो थोडा थोडा उतरत होता. म्हणजे दोष सहाही जणांना डिझेल पुरवणाऱ्या पंपाकडे.

लेह सुमारे साडेअकरा हजार फुटांवर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. थंड, विरळ हवेत ते वेळेआधी फवारलं, तर पेटायला उशीर होतो, साचतं आणि एकदम भडकतं. तीच ठकठक. पिस्टन वर पोचण्याआधी भडका उडाला, की सेल मारताना उलटा धक्का. तक्रारी दोन, कारण एक.

पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर घेऊन स्पिल टायमिंग तपासलं. फ्लायव्हीलवरची खूण जुळण्याच्या बरीच आधी डिझेलची धार तुटत होती. इंजिन उत्तम होतं. त्यावर चढवलेल्या जुन्या पंपाचं कपलिंग पुढे बसलं होतं. खुणा जुळवून बोल्ट आवळले. दुसऱ्या पहाटे पहिल्या सेलला इंजिन सुरू झालं, आणि ट्रक ठरल्या दिवशी वर गेला.

पुढे कंपनीत बदलीवर आलेल्या जवानाबद्दल पहिल्याच आठवड्यात ‘हा कामाचा नाही’ असं कानावर आलं, की मी आधी विचारतो: त्याला कुणाबरोबर जोडलंय, आणि ती जोडणी कुणी तपासली?