एक वर्ष थांबायचं, पण कशासाठी?

माझा मुलगा जन्मला नोव्हेंबर २०१८ मध्ये. डॉक्टरांनी दिलेली तारीख होती फेब्रुवारी २०१९ ची. २८ आठवड्यांचं, किलोभर वजनाचं बाळ. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. दिवस भरून जन्मला असता तर तो आपसूकच पुढच्या तुकडीत गेला असता. घाईनं आला म्हणून जून २०२४ मध्ये, जेमतेम साडेपाच वर्षांचा असताना, पहिलीला पात्र ठरला. डॉक्टर पहिली दोन वर्षं त्याचं वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरायचे. शाळेला मात्र जन्मदाखल्यावरची तारीखच कळते.

त्याला स्पास्टिक डायप्लेजिया आहे. सेरेब्रल पाल्सीचा हा प्रकार अपुऱ्या दिवसांच्या मुलांमध्ये जास्त दिसतो. पायांचे स्नायू ताठ, टाच जमिनीला टेकत नाही, चालणं चवड्यांवर. बोलणं मात्र अखंड. गोष्ट एकदा ऐकली की पाठ. म्हणून घरात दोन तट पडले. सासूबाईंचं म्हणणं, ‘‘डोकं चांगलं आहे पोराचं, वर्ष कशाला फुकट घालवता?’’ नवऱ्याला वाटत होतं, धक्काबुक्कीत पडेल, थांबू या.

एका खासगी शाळेत चौकशीला गेलो. तिथल्या बाई अगदी गोड बोलल्या. ‘‘अजून एक वर्ष घरीच सांभाळा, मग बघू.’’ मी विचारलं, ‘‘त्या वर्षात शाळा काय करेल?’’ उत्तर आलं नाही. बाहेर पडताना त्याला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या. कुठेच कठडा नव्हता. तो पुढच्या वर्षीही नसणार, हे उघड होतं. म्हणजे थांबायचं आम्ही आणि सोय शाळेची!

त्या रात्री वहीत दोन रकाने आखले. डावीकडे, वर्षभरात सुधारेल असं काय काय आहे: पेन्सिल अजून मुठीत धरतो, अर्ध्या तासात खुर्चीतून घसरायला लागतो, शू लागली की ऐन वेळी सांगतो, चड्डी स्वतः वर घेता येत नाही. उजवीकडे, वर्षानं काही फरक पडणार नाही असं: पायऱ्या, वरच्या मजल्यावरचा वर्ग, प्रार्थनेला उभं राहणं, आणि संडास. टाचा टेकत नसल्यानं त्याला उकिडवं बसताच येत नाही. त्याला कमोडच लागतो. उजव्या रकान्यापायी मुलाला अडकवून ठेवण्यात काही अर्थ नव्हता. डावा रकाना मात्र बराच लांब झाला होता.

बाकीचा हिशेब शिक्षिका असलेल्या मैत्रिणीनं घातला. शिक्षणहक्क कायद्यामुळे खालच्या इयत्तांमध्ये मुलाला नापास करून त्याच वर्गात ठेवत नाहीत. ‘पहिलीत घालून बघू, नाही जमलं तर पुन्हा पहिली’ असं करता येत नाही. वर्ष घ्यायचं तर आधीच घ्यायचं. सक्तीचं शिक्षण सहाव्या वर्षापासून, त्यामुळे थांबल्यानं नियमही मोडत नव्हता. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ या वयात आहे, तो चौदाव्या वर्षी संपत नाही. सुरुवातीला घेतलेलं वर्ष शेवटी कापलं जाणार नव्हतं. दाखला आमच्याकडे होताच. आम्ही थांबायचं ठरवलं.

तो पुन्हा मोठ्या गटात बसला. ऑक्युपेशनल थेरपिस्टनं सांगितलं होतं, खडू अख्खा देऊ नका, बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. कागद टेबलावर न ठेवता भिंतीला चिकटवायचा, म्हणजे मनगट आपोआप मागे वळतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर वर्षभर मांजरं आणि एसट्या उगवत राहिल्या. पोळ्यांच्या वेळी कणकेच्या गोळ्या वळायचं काम त्याचं. हे सगळं तसं मजेत झालं. अवघड गेला तो जून. बरोबरची मुलं नवा गणवेश घालून पहिलीला निघाली आणि यानं विचारलं, ‘‘मी नापास झालो?’’ मी म्हटलं, ‘‘नाही रे. तू पोटातून तीन महिने लवकर आलास ना, तेवढा वेळ आता खेळायला घ्यायचा.’’ मग भेटेल त्याला तो ऐटीत सांगायचा, ‘‘मी लवकर आलोय.’’

उजव्या रकान्याचं काम आम्ही त्याच वर्षी सुरू केलं. घराजवळची जिल्हा परिषदेची शाळा ठरवली, दिवाळीआधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक येऊन त्याला आणि इमारतीलाही बघून गेले. पायऱ्यांना लोखंडी कठडा बसला. पहिलीचा वर्ग तळमजल्यावरच राहील, असं ठरलं.

जून २०२५ मध्ये तो पहिलीत गेला. सकाळी पायमोजे सुरकुती न पडता चढवायचे, त्यावर स्प्लिंट, पट्ट्या आवळायच्या, मग एक माप मोठे बूट. पट्ट्या आता तोच आवळतो. प्रार्थना बाकावर बसून म्हणतो. पेन्सिल तीन बोटांत आली आहे; श्रुतलेखनात निम्मे शब्द सुटतात, पण लिहिलेले वाचता येतात. आदल्या वर्षी घातला असता तर काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही. कदाचित निभावलंही असतं. पण कुणी मला विचारलं की आमच्या मुलाला थांबवावं का, तर मी आधी त्यांना दोन रकाने आखायला सांगते. डावा रकाना रिकामा असेल तर थांबू नका.

कमोड मात्र अजून झालेला नाही. मधल्या सुट्टीत सासूबाई घडीची कमोड-खुर्ची घेऊन शाळेत जातात. मुख्याध्यापक म्हणतात, प्रस्ताव वर गेलाय. त्या प्रस्तावाची प्रत मी मागितली आहे. सोमवारी ती आणायला जायचं आहे.