मला आपलं वाटतं

"सिस्टर, तुम्हाला काय वाटतं, उठतील ना हो आमचे अण्णा?"

हा प्रश्न मला नोकरीत किती वेळा विचारला गेला त्याची मोजदाद नाही. उत्तर मात्र एकच. "डॉक्टर राऊंडला आले की विचारा." हे वाक्य नर्सिंगला असतानाच अंगवळणी पडलं. विचारणारा माणूस रात्रभर जिन्यात झोपून उठलेला असायचा, हातात केसपेपरची सुरनळी. तो माझ्या तोंडाकडे बघत राहायचा आणि मी सलाइनचे थेंब मोजायला वळायची. मला काही वाटत नव्हतं असं थोडंच आहे? अण्णांच्या पायाची बोटं गार पडायला लागल्याचं माझ्या हाताला कळलेलं असायचं. पण वाटणं हे माझं काम नव्हतं. माझं काम तक्ता भरायचं.

तोच प्रश्न वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पुण्यातल्या एका हॉटेलच्या खोलीत माझ्यापुढे आला. टेबलावर रेकॉर्डर, पलीकडे चष्मेवाल्या बाई, आणि इंग्रजीत: म्हातारपणी आईवडलांनी मुलांकडेच राहावं असं तुम्हाला वाटतं का? खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की डॉक्टर कधी येणार राऊंडला.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा तोंडी भाग होता तो. अकरा ते चौदा मिनिटांची, तीन भागांत. पहिल्या भागात तुमचं गाव, काम, आवडीनिवडी. दुसऱ्यात हातात एक कार्ड देतात, विचार करायला एक मिनिट आणि टिपणाला कागद-पेन्सिल, मग दोन मिनिटांपर्यंत तुम्ही एकट्याने बोलत राहायचं. हे दोन्ही मला जमले. सगळी नोकरी इंग्रजीत नोट्स लिहिण्यात गेलेली, हँडओव्हर इंग्रजीत देण्यात गेलेली. तिसरा भाग चार-पाच मिनिटांचा. तिथे तुमची चौकशी संपते आणि जगाची सुरू होते. पहिल्या भागात विचारतील, तुम्हाला स्वयंपाक आवडतो का. तिसऱ्यात विचारतील, शाळेत मुलांना स्वयंपाक शिकवावा का, आणि पन्नास वर्षांनी लोक घरी रांधत असतील का. तिथे माझी पाटी कोरी. मी "इट डिपेंड्स" म्हटलं. पुढच्या प्रश्नालाही म्हटलं. त्याच्या पुढच्यालाही.

इंग्लंडच्या नर्सिंग कौन्सिलला बोलण्यात 7 लागतात, लिहिण्यात 6.5 चालतात. मला लिहिण्यात 6.5 मिळाले आणि बोलण्यातही 6.5. अर्ध्यासाठी पुन्हा फी, पुन्हा रजा, पुन्हा पुण्याची एसटी.

त्या एसटीत बसून मी विचार करत होते, की हे "डिपेंड्स" आपल्यात आलं कुठून. फार मागे जावं लागलं नाही. आठवीतला निबंध आठवला: विज्ञान, शाप की वरदान. त्याच धर्तीचे दूरदर्शन, यंत्रयुग, मोबाइल. या निबंधाचा शेवट महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा: शाप की वरदान ते वापरणाऱ्याच्या हातात आहे. दहापैकी सात गुण. शाप आहे असं ठणकावून लिहिणारी एक मुलगी आमच्या वर्गात होती, तिला पाच मिळाले आणि वहीवर लाल शाईत शेरा, "दुसरी बाजू?" वादविवाद स्पर्धेत तर अनुकूल की प्रतिकूल ते सर सांगायचे आणि भाषणही सरच लिहून द्यायचे. मी "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग" पासून शेवटच्या "जय हिंद"पर्यंत एका श्वासात म्हणून दाखवायची. हुंडाबंदीच्या बाजूने मी जिल्ह्याला दुसरी आले होते. हुंड्याबद्दल मला स्वतःला काय वाटतं हे कोणी विचारलं असतं तर तेव्हाही सरांकडेच बघितलं असतं.

मराठीत मत म्हणजे व्होटसुद्धा. मताचं वय एकविसावरून अठरावर आलं ते 1989 मध्ये, आणि ही आयईएलटीएस परीक्षाही 1989 सालचीच. योगायोग, दुसरं काही नाही. मी पहिलं मत दिलं 2004 च्या लोकसभेला. आदल्या रात्री जेवताना वडलांनी चिन्ह सांगितलं होतं, सगळ्यांना मिळून एकच. मी आत गेले, पुठ्ठ्याच्या आडोशाला उभी राहिले आणि भलतंच बटण दाबलं. यंत्राची लांब शिट्टी वाजली तेव्हा वाटलं, बाहेर सगळ्यांना कळलं. घरी येऊन भाजी चिरायला घेतली. कुठलं बटण, ते आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही.

लग्न ठरताना पोहे संपल्यावर पाहुण्यांनी रीतसर विचारलं, मुलीचं काही म्हणणं? मला विचारायचं होतं, की लग्नानंतर नाइट ड्यूटी चालेल ना. वडील म्हणाले, "तिचं कसलं आलंय म्हणणं." वडील वाईट नव्हते, त्यांना तो माझ्या बाजूने घेतलेला कैवार वाटत होता. पुढे सत्यनारायणाला बसले तेव्हा भटजींनी नवऱ्याला सांगितलं, मम म्हणा. आणि मला सांगितलं, त्यांच्या हाताला हात लावा. नुसतं मम म्हणण्यापुरत्या माणसाला आपण हसतो. माझ्याकडे ममसुद्धा नव्हतं, हात होता.

पण एक रात्र या सगळ्यापेक्षा जास्त आठवते.

पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, चाळिशीचा माणूस. रात्री दोनला बीपी ठीक. पल्स मात्र संध्याकाळी 90 होती ती 110 झालेली. कपाळाला हात लावला तर घाम, आणि घाम गार. सारखी कूस बदलत होता, पाणी मागत होता. आत रक्तस्राव होत असला की पल्स आधी धावते, बीपी मागाहून कोसळतं. हे पुस्तकात आहे आणि मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मला माहीत होतं. मी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, आरएमओंना, फोन केला आणि म्हणाले, "सर, पेशंट जरा रेस्टलेस वाटतोय, बघून जाता का?" ते म्हणाले, दुखत असेल, पेनकिलर द्या. वीस मिनिटांनी पल्स 118. "सर, पल्स जरा वाढलीय, एकदा बघितलं असतंत तर..." त्यांनी सलाइन फास्ट करायला सांगितलं. तिसऱ्या फोनला पल्स 124 होती आणि मी म्हणाले, "सर, मला आपलं वाटतं, तुम्ही आलात तर बरं होईल." ते आले. चार वाजता पेशंट थिएटरमध्ये होता. वाचला तो, पुढे पेढे घेऊन आला.

सकाळी राऊंडला मोठे सर्जन सगळ्यांसमोर म्हणाले, "सिस्टरने वेळेवर कळवलं." माझा चेहरा फुलला, आणि त्याच वेळी पोटात खड्डा पडला. कळवलं कुठे होतं? तीन वेळा विचारलं होतं. आत ब्लीडिंग होतंय असं मला वाटतं, हे सरळ वाक्य पहिल्या फोनवर बोलले असते तर पाऊण तास वाचला असता.

पुढे आमच्याकडे मानांकनाची गडबड झाली तेव्हा हँडओव्हरसाठी एक छापील फॉर्म आला, एसबार म्हणतात त्याला. अमेरिकेच्या नौदलात, पाणबुड्यांवर निरोप देण्याची ही पद्धत, तिथून ती रुग्णालयांत आली. चार रकाने: आता काय चाललंय, आधी काय झालं होतं, मला काय दिसतंय, काय करावं असं मला वाटतं. पहिले दोन आम्ही सगळ्या जणी भरभरून भरायचो, तिसरा जेमतेम. चौथ्या रकान्यात आमच्या वॉर्डातल्या एकूण एक सिस्टरने एकच मजकूर लिहिलेला असायचा: डॉक्टर इन्फॉर्म्ड.

नापास झाल्यावर लावलेल्या क्लासमधल्या मॅडम माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. केस आखूड, बोलणं खणखणीत. पहिल्याच दिवशी मी दोन-दोन ओळींची पाठ केलेली वाक्यं काढली, "इन माय हंबल ओपिनियन", "एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स", तर त्यांनी हात वर केला. पाठांतर परीक्षकाला लगेच ओळखू येतं म्हणाल्या, आणि हंबल कशाला? साधं "आय थिंक" पुरे. मग फळ्यावर लिहिलं: काय वाटतं, का वाटतं, उदाहरण, आणि उलट बाजूचं कोणी काय म्हणेल. मला तो फॉर्मच दिसला, चौथा रकाना सगळ्यात वर नेलेला. "इट डिपेंड्स"वर त्यांनी बंदी घातली नाही. फक्त लगेच विचारायच्या, "ऑन व्हॉट?" कशावर अवलंबून? गाव की शहर, पैसा, प्रकृती, सून नोकरी करते का? त्यातलं एक धरा आणि बोला. वापरणाऱ्याच्या हातात आहे म्हणून आठवीपासून सुटलेली मी तिथे पहिल्यांदा अडकले.

"आय थिंक" जिभेवर बसेना याचं कारण मला पोळ्या लाटताना सापडलं. मला भूक लागते, मला थंडी वाजते, मला झोप येते, तसंच मला वाटतं. मराठीत मत असं बाहेरून येऊन अंगाला लागतं, मी आपली मधे सापडलेली. त्यात ते "आपलं". मला आपलं वाटलं, म्हणजे वाटलं खरं, पण मनावर घेऊ नका. इंग्रजीत "आय" पुढे उभा राहतो आणि करणारा तोच. अर्थात मराठीला दोष देण्यात अर्थ नाही. "माझं स्पष्ट मत आहे" हेही मराठीच आहे. आमच्या सासऱ्यांच्या तोंडी ते दिवसातून दोनदा असायचं. भाषेत होतं, माझ्या वाट्याला आलं नव्हतं इतकंच.

मॅडमना हे सांगितलं तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, तुमचं ते असेल, असावं, होत असेल बुवा, तेच तर इंग्रजीत "माइट" आणि "टेंड टू" आहे, ते वापरा, त्याला किंमत आहे. फक्त तिथेच थांबू नका, पुढे "बिकॉज" यायला हवं. गंमत बघा. जन्मभर जी चाचरण्याची सवय होती तिला गुण होते, पण कारण जोडल्यावर.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती ऐकून मला आधी हायसं वाटलं आणि मग जरा अपमान. गुण चारच गोष्टींना: ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. चारही सारखेच. मताला शून्य. आईवडलांना घरात ठेवा म्हणा, वृद्धाश्रमात ठेवा म्हणा, परीक्षकाला काही देणंघेणं नाही. म्हणजे ज्या पहिल्या माणसाने मला "तुम्हाला काय वाटतं" असं विचारून मधे न तोडता ऐकून घेतलं, त्याला माझं मत नकोच होतं! तरी मी ठरवलं, दुसऱ्या खेपेला खोटं बोलायचं नाही. खोटं मत मांडताना माझं व्याकरणही चुकतं, हे रेकॉर्डिंग ऐकून कळलं होतं.

त्या दुसऱ्या खेपेला 7 मिळाले. आता इंग्लंडात एका वॉर्डात आहे, ते पुराण वेगळं.

सांगायचं आहे ते त्या परीक्षेच्या आधीच्या रविवारचं. दुपारी स्वयंपाकघरात माझी तयारी चालली होती. परीक्षक म्हणजे माझी नववीतली मुलगी, तिच्या हातात मोबाइलचा टायमर आणि चेहऱ्यावर दया नाही. "आई, तू उत्तर देत नाहीयेस, सॉरी म्हणतेयस," असं ती दर प्रश्नाला ऐकवायची. सासूबाई खाली बसून गवार मोडत होत्या. आमचं सगळं ठरलेलं होतं: आधी मी जाणार, वर्षभरात नवरा आणि मुलगी येणार, सासूबाई गावी धाकट्या दिरांकडे. ठरवलं आम्ही दोघांनी, जेवणाच्या टेबलावर, त्या झोपल्यावर. मुलीने कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला, तोच तो, पुण्याच्या हॉटेलातला. मी "आय थिंक" म्हणून सुरुवात केली आणि थांबले.

"काय विचारतेय गं ती?" सासूबाईंनी मान वर न करता विचारलं.

मी मराठीत सांगितलं. म्हातारपणी आईवडलांनी मुलांकडेच राहावं का.

गवारीच्या शिरा निघत राहिल्या. मुलीने टायमर बंद केला.

"तुम्हाला काय वाटतं, आई?" मी म्हटलं.

"मला काय वाटायचंय? तुम्ही ठरवाल तसं."

"का पण?"

त्यांचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं, मग नातीच्या हातातल्या कागदाकडे.

"हे परीक्षेला आहे का?"

"हो," मी म्हटलं, "आहे."

त्यांनी गवारीचं ताट बाजूला सारलं आणि पदराला हात पुसले.