हात बसतो तो रात्री

‘धिरधिर किटतक’. ‘धिरधिर’ सबंध पंजानं वाजतं. शाईवर तळवा अंगठ्याकडून करंगळीकडे झुलतो आणि परत येतो. मग लगेच तळवा उचलून ‘किटतक’साठी बोटं तयार हवीत. या दोन बोलांच्या सांध्यावर हात अडखळतो. तीस वर्षं तबला शिकवतोय, बहुतेकांचा इथंच अडखळलेला पाहिला.

विशारदची तयारी करणारी एक मुलगी या सांध्याशी पंधरा दिवस झगडत होती. रात्री एकपर्यंत रियाझ, पहाटे साडेचारला पुन्हा बैठक. “सर, रोज चार तास बसते, तरी हात अडतोच.” डोळे तांबारलेले. मी म्हटलं, “आठ दिवस जागरण बंद. साडेनऊला तबल्याला गवसणी घालायची आणि झोपायचं.” तिला ते पटलं नाही, पण तिनं ऐकलं.

हार्वर्डमधल्या मॅथ्यू वॉकर आणि रॉबर्ट स्टिकगोल्ड यांच्या गटाचा 2002 सालचा एक प्रयोग मला फार जवळचा वाटतो, कारण तो बोटांचाच आहे. उजखुऱ्या माणसांना डाव्या हाताच्या बोटांनी आकड्यांची एक छोटी मालिका भराभर दाबायला शिकवली. सकाळी शिकून दिवसभर जागे राहिलेल्यांचा वेग संध्याकाळी जवळपास तेवढाच होता. रात्रभर झोपून उठल्यावर मात्र तो सुमारे 20 टक्क्यांनी वाढला, तोही चुका न वाढता. ही सुधारणा जोडलेली होती ती उत्तररात्रीच्या हलक्या झोपेशी. पुढच्या प्रयोगात दिसलं, की मालिकेतल्या ज्या जागी बोटं सर्वांत जास्त अडत, त्याच जागा रात्रीतून सर्वाधिक सुधारल्या. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ‘धिरधिर किटतक’चा सांधा उभा राहिला.

म्हणजे पहाटे साडेचारचा गजर नेमकी कामाची झोप कापतो. पहाटेच्या रियाझाला मी नावं ठेवत नाही. माझे गुरुजी पहाटे चारला तबल्यावर बसत, पण रात्री आठनंतर त्यांच्या खोलीत दिवा नसे. आम्ही त्यांचं उठणं उचललं, निजणं सोडून दिलं. विशीत एका स्पर्धेच्या आदल्या रात्री मी जेमतेम तीन तास झोपलो, आणि दोनशे वेळा घोटलेली तिहाई समेच्या एक मात्रा आधीच संपली. तो ‘धा’ अजून कानात आहे.

आता वर्गात सांगतो : अडणारा सांधा निजण्याआधी वीसदा वाजवा, ठाय लयीत, स्वच्छ. वेग वाढवू नका. मग गवसणी.

पाचव्या दिवशी ती मुलगी सकाळी आली. काही न बोलता बसली, हातांना पावडर लावली आणि ‘धिरधिर किटतक’ सुरू केलं. पंजा उचलला, बोटं जागेवर पडली. तिनं थांबून स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि पुन्हा वाजवलं.