पहाटेचा सूर अथवा शोधयंत्र आणि लेखाचे शीर्षक

जात्यावरच्या ओव्यांवर आम्ही एकदा दीर्घ लेख लिहिला आणि त्यास नाव दिले 'पहाटेचा सूर'. पुढे आमच्याच वर्गातील एका विद्यार्थिनीने ओव्यांवर प्रकल्प केला. संदर्भ सगळे जालावरचे. त्यांत आमचा लेख नव्हता. विचारले तेव्हा म्हणाली, "सर, खूप शोधलं, तुमचा लेख आलाच नाही." तिने 'जात्यावरच्या ओव्या' असे टंकले होते. आमच्या शीर्षकात ना जाते होते, ना ओवी.

शोधयंत्रासाठी शीर्षकात 'कीवर्ड' घालणे ही आम्हांस बाजारातली आरोळी वाटे. मर्ढेकरांनी १९४७ साली संग्रहाला 'काही कविता' इतकेच नाव दिले होते! पण त्यांचा संग्रह वाचकाच्या हाती देणारे ग्रंथपाल, समीक्षक, प्राध्यापक होते. जालावर आपला वाचक येतो तो स्वतः टंकलेल्या दोन-तीन शब्दांचे बोट धरून.

मग थोडी माहिती करून घेतली. पानावर दिसणारा मथळा आणि 'टायटल टॅग'मधले शीर्षक वेगळे ठेवता येते. शोधाच्या निकालात बहुधा दुसरे दिसते, आणि लांबले तर शेपूट कापले जाते. म्हणून विषय आधी यावा. कीवर्डांची छुपी यादी गूगल क्रमवारीसाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केले. एकच शब्द वारंवार कोंबला तर तो लबाडीत जमा होतो. मराठीत सामान्यरूपाचाही पेच आहे. 'ओवी'चे 'ओव्यांतील' झाले की शोधणाऱ्याच्या शब्दाशी ते जुळेलच असे नाही. लोक ज्या रूपात विचारतात, त्याच रूपात शब्द ठेवावा हे बरे.

यात नवे ते काय? बाबा पदमनजींच्या १८५७ च्या पुस्तकाचे पूर्ण नाव 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असे आहे. ललित नाव आणि विषय, दोन्ही एका 'अथवा'ने सुखाने नांदतात.

आता आमच्या लेखाचा मथळा तोच आहे. टायटल टॅगमध्ये मात्र 'जात्यावरच्या ओव्या : पहाटेचा सूर' असे लिहिले. ज्या बायांनी त्या ओव्या आम्हांस सांगितल्या, त्यांना कोणी कधी विचारले नव्हते. आम्ही त्या लिहून घेतल्या, आणि एका सुंदर नावाखाली पुन्हा झाकून ठेवल्या. हे ध्यानात यायला एक विद्यार्थिनी रिकाम्या हाती परतावी लागली.