एकशेष

व्याकरण शिकविण्यांत आयुष्य गेलें. त्यामुळें दोन संस्था एक झाल्याचें वाचलें कीं मला एकशेष आठवतो. ‘माता च पिता च’ याचें ‘पितरौ’ होतें. मातेचा शब्द लोपतो. पण द्विवचनाच्या प्रत्ययांत ती असतेच.

१२ नोव्हेंबर २०२४ रोजीं ‘विस्तारा’ ही विमानकंपनी ‘एअर इंडिया’मध्यें विलीन झाली, तेव्हां असाच एकशेष घडला. २०१५ पासून उडणारें तें संस्कृतोद्भव नांव फलकांवरून गेलें. तिच्या विमानांच्या क्रमांकांच्या आरंभीं मात्र २ हा अंक लावण्यांत आला. मला तो द्विवचनाचा प्रत्ययच वाटला.

परंतु नांव बदलणें सोपें, बिऱ्हाड हलविणें कठीण. एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स २००७ सालीं एक झाल्या. मुंबईंत मात्र परदेशचीं विमानें सहारहून, तर देशांतलीं बहुतेक सांताक्रूझहून सुटत. नागपुराहून परदेशीं निघालेल्या प्रवाशाला सांताक्रूझला उतरून सामानसुमानासह सहार गांठावें लागे. सहारची ‘टर्मिनल २’ ही नवी इमारत २०१४ सालीं उघडली आणि २०१५ सालीं एअर इंडियाचीं देशांतलीं विमानेंही तेथें गेलीं. लग्नानंतर आठ वर्षांनीं दोन्ही चुली एका छपराखालीं आल्या !

वाड्यांतील दोन बिऱ्हाडें एक होतांना काय होतें, हें वाचकांस ठाऊक आहे. भांडीं मांडून होतात. पण डबा कोणत्या फळीवर गेला, हें वृद्ध आत्याबाईंना सांगावयाचें राहतें. विमानतळावरही खिडक्यांवरचीं नांवें एका रात्रींत पालटतात. जुन्या नांवाचा कागद घेऊन आलेला म्हातारा प्रवासी मात्र मान वर करून फलक वाचीत राहतो.

त्या हिवाळ्यांत ताईला घेऊन मी मुंबईहून दिल्लीस निघालों. तिच्या हातीं आधीं छापून घेतलेलें तिकीट होतें आणि त्यावरचें नांव कोठेंच दिसेना. ती घाबरी झाली. इतक्यांत एक तरुण कर्मचारी मुलगी पुढें आली. “आजी, खिडकी हीच. नांव बदललें आहे, माणसें तींच आहेत,” असें म्हणून तिनें ताईची पिशवी उचलली. ताईचा जीव भांड्यांत पडला.

विलीनीकरणाचा हिशेब टक्क्यांत मांडतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या वांट्याला २५.१ टक्के आले. तो प्रवाशांच्या पावलांतही मांडला जावा. लोपलेल्या पदाचा अर्थ उरलेल्या पदानें वाहावयाचा, हा एकशेषाचा नियम आहे. ज्याचें नांव उरलें, त्याच्यावरच भार अधिक.