क्रूझला निघालाय? पोरांचा खाऊ धक्क्यावरच संपवा!

2021 च्या सप्टेंबरमध्ये कॉर्डेलियाचं जहाज मुंबईहून निघू लागलं आणि विठ्ठलवाडीतल्या वन-बीएचकेतही ‘लाँग वीकएंड, गोवा, तोही समुद्रातून’ असे प्लॅन शिजायला लागले. बुकिंग होतं, गॉगल येतात. मग आजी विचारते, पोरांच्या खाऊचं काय?

प्रश्न एकदम करेक्ट! पण भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीत गाठोडी घेऊन चढायचा जमाना गेला. क्रूझवर घरचं शिजवलेलं सहसा आत सोडत नाहीत. बाळाच्या अन्नाला तेवढी सूट असते, तीही बुकिंग करतानाच विचारून घ्या. आत गेल्यावर जेवण बहुतेक तिकिटातच असतं, त्यामुळे पोरं उपाशी राहतात ती जहाजावर नाही, त्याआधी. विठ्ठलवाडी ते सीएसएमटी सव्वा-दीड तास, मग टॅक्सी, मग बॅलार्ड पिअरला बॅगा आणि सिक्युरिटीची रांग. तेवढ्यात धाकटा भोकाड पसरतोच.

सो, थेपले, राजगिऱ्याचे लाडू, केळी हा सगळा स्टॉक याच टप्प्यासाठी. पहिला घास मात्र घरीच भरवा. पुढचंच स्टेशन कल्याण. तिथली गर्दी आत शिरली की डबा उघडायला कोपरही हलत नाही. रांगेत डबे रिकामे करा, पण पाण्याची बाटली टाकू नका. गोव्याच्या उन्हात तीच कामाला येते. आणि हो, जहाजावरच्या कोल्ड्रिंक्सचं बिल बहुधा वेगळं लागतं. हे पोरांना लोकलमध्येच सांगून टाका, बारजवळ नको.